झारेकऱ्याचे टेबल

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, जाड जाड फायली झाल्या. या प्रकरणाची फाइल जेमतेम वीस पानांची होती. तरीही निवृत्तीनंतर कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटले की मला तीच घटना आधी आठवते. त्यातले लोक अजून नाशकातच राहतात, म्हणून नावे देत नाही.

मी तेव्हा जुन्या नाशकातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सोमवारची सकाळ होती. हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदार माझ्या खोलीत आला.

“साहेब, एक बाई आलीय. टेबल चोरीला गेलं म्हणते.”

“मग लिहून घ्या.”

“लिहितोय. पण ती म्हणते, ते सोनं काढायचं टेबल आहे. मालाच्या वर्णनात काय लिहू?”

मी बाहेर आलो. पन्नाशीची बाई, हाताला चिकटलेली राखाडी माती, डोळे रडून सुजलेले. ती झारेकरी होती. सराफांच्या दुकानातला केर, पेढीसमोरची धूळ, सोने वितळवायच्या फुटक्या मुशी हे लोक गोळा करतात, कुटतात, धुतात आणि त्यातले सोन्या-चांदीचे कण वेगळे काढतात. तिचा नवरा त्या धंद्यातला जुना, नावाजलेला माणूस होता.

टेबल म्हणजे काय, ते मला तिच्या शेडमध्ये गेल्यावर समजले. सहा फूट लांबीचे, एका बाजूला किंचित उतरते लोखंडी टेबल आणि त्यावर बारीक पट्ट्या. मोटर लावली की ते सारखे हिसके देत हलते. कुटलेली पूड एका कोपऱ्यात टाकायची, वरून पाण्याची धार सोडायची. हलकी माती पाण्याबरोबर खाली वाहून जाते आणि जड कण पट्ट्यांच्या कडेने सरकत टेबलाच्या टोकाला येतात. खाणीवर दळलेल्या खनिजातून धातू काढायला अशी मोठी टेबले असतात. बाईने अंबडच्या एका कारखान्यात सांगून लहान बनवून घेतले होते. वर्षानुवर्षे बाजूला टाकलेले सगळे पैसे त्यात गेले होते.

तिने ते का घेतले, हेही तिने सांगितले. झारेकरी शेवटची पूड पाऱ्यात मळतात. सोने पाऱ्याला चिकटते, मग पारा तापवून उडवायचा. नवऱ्याने तीस वर्षे तो धूर अंगावर घेतला होता. आता त्याचे दोन्ही हात थरथरत. “डॉक्टर म्हणाले, पारा बंद नाय केला तर पुढं चालायचं बी अवघड होईल,” ती म्हणाली. “म्हणून मशीन आणलं. दोन महिने झाले नायत अजून.”

ती दोन दिवस मनमाडला बहिणीकडे गेली होती. परत येऊन पाहते तर शेड रिकामी. मी तिथे दोन गोष्टी पाहिल्या. कुलूप फोडलेले नव्हते. आणि टेबल जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट पान्याने उघडून एका वाटीत नीट जमा करून ठेवले होते. चोर बोल्ट वाटीत ठेवत नाही. हे मला दिसले, पण मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. मला वाटले, हे धंद्यातल्याच कोणाचे काम आहे.

नवरा बाजूला स्टुलावर बसला होता. त्याला सगळे काका म्हणत. मी विचारले, “काका, तुम्हाला काही आवाज आला नाही?”

“मी घरी होतो. घर दोन गल्ल्या सोडून हाय,” एवढेच तो म्हणाला.

संशयित त्याच दुपारी मिळाला. त्याच बाजारातला दुसरा झारेकरी, काकाचा जुना सोबती. त्याला मी इथे भाई म्हणतो. टेबल आल्यावर बहुतेक सराफ आपल्या फुटक्या मुशी बाईला देऊ लागले आणि भाईचे काम निम्म्यावर आले. आठ दिवसांपूर्वी त्याने भर बाजारात ओरडून म्हटले होते, “एक दिवस हे मशीन मी गोदावरीत टाकीन.” ऐकणारे कमीत कमी दहा जण होते.

मी त्याच्या घरी एक हवालदार आणि एक शिपाई पाठवला, दोघेही गणवेशात. भर दुपारी, गल्ली जागी असताना त्यांनी त्याला गाडीत बसवून आणले. तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

अटक केली नव्हती. पण सलग तीन दिवस सकाळी बोलवायचे आणि संध्याकाळी सोडायचे, असे चालले. मधल्या वेळात तो बाकावर बसून असे. चौकशीत मी त्याला अरे-तुरे करत होतो, वयाने तो माझ्याहून मोठा असूनही.

“टेबल कुठे टाकलंस?”

“बोललो मी, साब. रागात बोललो. पण उचललं नाय.”

“मग कोणी उचललं?”

यावर तो खाली बघायचा. त्याला काहीतरी माहीत आहे आणि तो लपवतो आहे, हे मला कळत होते. माणूस खोटे बोलत असला की बहुधा जास्त बोलतो. हा बोलतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ठाणे अंमलदार पुन्हा आत आला. “साहेब, फिर्यादीचा नवरा आलाय. संशयिताला डबा घेऊन.”

मी खिडकीतून पाहिले. काका बाकावर भाईच्या शेजारी बसला होता आणि डबा उघडायची खटपट करत होता. हातांनी ते जमेना. भाजीचा रस त्याच्या धोतरावर सांडला. भाईने त्याच्या हातातून डबा घेतला, झाकण उघडले आणि खाऊ लागला. दोघे एक शब्द बोलले नाहीत. खाऊन झाल्यावर भाईने डबा धुऊन त्याच्या पिशवीत ठेवला आणि काका निघून गेला.

इतक्या वर्षांत फिर्यादीच्या घरून संशयितासाठी जेवण आलेले मी पाहिले नव्हते. ती वाटी आणि हा डबा मी मनात शेजारी शेजारी ठेवले. मग गुन्हे शोध पथकाला सांगितले, भंगारवाल्यांकडे फिरणे पुरे झाले, आता टेम्पो स्टँडवर विचारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या एका बातमीदाराचा, स्टँडजवळच्या चहावाल्याचा, निरोप आला. शनिवारी एका पिकअपमधून पट्ट्यापट्ट्यांचा लोखंडी पलंग वणीकडे गेला होता. पिकअपचा चालक तासाभरात सापडला.

“पलंगच समजलो साहेब मी. चार हमाल लावून चढवला. एक काका होते सोबत. पुढं बसा म्हटलं तर बसले नाय, मागं त्या पलंगाला धरून बसले वणीपर्यंत.”

“काकांचं वर्णन?”

“हात लय हलत होते त्यांचे.”

मी काकाला बोलावले, माझ्या खोलीत बसवले आणि दार लावून घेतले. चहा सांगितला, पण कप अर्धाच भरायला लावला. त्याने दोन्ही हातांत धरून एक घोट घेतला. मी अजून काही विचारलेही नव्हते.

“भाईला सोडा,” तो म्हणाला. “बोल्ट मी हमालांकडून खोलून घेतले. टेबल माझ्या बहिणीकडं हाय, वणीला.”

“का नेलं, काका?”

त्याने कप खाली ठेवला. “साहेब, आमचं लग्न झालं तवापास्नं ती पाटीत माती धुते. धुऊन झालं की पाटी माझ्यापुढं धरायची अन् विचारायची, हाय का? मी बघायचो. असलं तर हाय म्हणायचो, नसलं तर नाय. माझं कधी चुकलं नाय. मशीन आल्यापास्नं ती मशीनकडं बघते. मी स्टुलावर बसतो. ती म्हणती, तुमी आराम करा. दोन महिने मी आराम करतोय.”

“विकणार होता?”

“छे. विकायचं नव्हतं. थोडे दिवस नसावं, एवढंच वाटलं. ती पोलिसात येईल असं वाटलं नाय. अन् भाईला धरलं तर... रोज ठरवत होतो, आज सांगू. ठाण्याच्या पायरीपर्यंत येऊन जात होतो.”

आम्ही पंच घेऊन वणीला गेलो. काकाच्या बहिणीने टेबल अंगणात उन्हात ठेवले होते आणि त्यावर नागलीचे पापड वाळत घातले होते. भावाने घर बदलताना ठेवायला दिले, एवढेच तिला माहीत होते. “पट्ट्या असल्यानं खालून वारं लागतं, लवकर वाळतात,” तिने मला सांगितले. पंचनामा सुरू करण्यापूर्वी माझ्या दोन अंमलदारांनी ते पापड एकेक करून सुपात काढून दिले.

बाईला सांगायला मी स्वतः शेडमध्ये गेलो. काका माझ्या मागे उभा होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि खाली बसली.

“तुमचे हात वाचावेत म्हणून आणलं ते,” ती त्याला म्हणाली. “माझ्या हौसेसाठी नाय आणलं.”

“म्हायती हाय मला.”

“मग बोलायचं तरी. मी मनमाडहून आले, तुमच्यासमोर रडले. तवा बी बोलला नाय.”

तिने पदराने डोळे पुसले. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, “उतार किती ठेवायचा ते मला जमत नाय. पाणी जास्त सोडलं की बारीक माल वाहून जातो. गाळ परत धुतला तर त्यात निघतं. कोणाला सांगू? तुमी आजारी.”

काकाने मान वर केली. “कुठला गाळ? दाखव.”

तिने कोपऱ्यातली बादली दाखवली. तो तिच्यापाशी उकिडवा बसला, चिमूटभर गाळ तळहातावर घेऊन उजेडात धरला. हात हलत होता, पण डोळे हलत नव्हते. मी तिथून निघालो. पुढचे पोलिसांचे काम नव्हते.

कागदोपत्री गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून न्यायालयात ‘क’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली, ती मंजूर झाली आणि टेबल शेडमध्ये परत बसले. काकाला मी एकच अट घातली, पाऱ्याला बोट लावायचे नाही. ती अट बाईने माझ्याहून कडकपणे पाळून घेतली.

राहिला भाई. त्याला सोडताना मी विचारले, “तुम्हाला माहीत होतं ना?”

“काका डबा घेऊन आला तेव्हाच समजलो, साब. मनाला काय टोचत नसतं, तर आला नसता.”

“मग सांगितलं का नाही? तीन दिवस बसून राहिलात.”

“त्याच्या तोंडून यावं म्हणून थांबलो. मी सांगितलं असतं तर तो चोर झाला असता. त्यानं सांगितलं, तर तो माझा दोस्त राहिला.”

ठाण्याच्या रोजनाम्यात आणल्याची नोंद होते, सोडल्याची होते. दिलगिरीला रकाना नसतो. म्हणून दोन दिवसांनी सुट्टी पाहून मी साध्या कपड्यांत भाईच्या घरी गेलो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले. मी म्हणालो, माझे चुकले. तो म्हणाला, झालं गेलं साब, विसरा.

आतल्या खाटेवर त्याची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची. ती विसरायला तयार नव्हती.

“कोण आलंय?”

“अम्मी, ठाण्याचे साहेब आहेत. सांगायला आलेत, मी काही केलं नाय म्हणून.”

“ते मला कशाला सांगतात?” म्हातारी म्हणाली. “मला म्हायती हाय. तुला न्यायला आले तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. त्या दिवसापासून मी दारात बसले नाय. साहेब, न्यायला वर्दी आली होती ना? मग सांगायला पण वर्दीच येऊ द्या.”

भाई संकोचला. मी उठलो आणि म्हणालो, “उद्या येतो, अम्मी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच वेळी, पूर्ण गणवेशात, त्याच हवालदाराला आणि शिपायाला घेऊन मी गेलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तशी दारे उघडली. भाईच्या पायरीवर उभा राहून मी परेडच्या आवाजात सांगितले, “या घरातल्या माणसावर मी चोरीचा संशय घेतला होता. त्यांनी चोरी केलेली नाही. चूक माझी होती.”

समोरच्या घरातली एक बाई आत गेली आणि थोड्या वेळाने म्हातारीसाठी वाटीत काहीतरी घेऊन आली. भाईने आईला धरून बाहेर आणले. ती दारात बसली, पाय पसरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आता जा. तुम्हाला कामं असतील.”

पुढची सगळी नोकरी मी एक नियम पाळला आणि माझ्या हाताखालच्या पोरांनाही तोच शिकवला. कोणाला नुसते विचारायला बोलवायचे असेल तर साध्या वेशातला माणूस पाठवा. आणि तो निर्दोष निघाला, तर त्याला घरी सोडायला गणवेश घालून जा.