कालवांवर साबुदाणा

सासूबाई २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमध्ये, शॅननला आल्या आणि महिन्याभरात विमानं बंद झाली. मालवणचा जन्म, मालवणचंच सासर. सुपरमार्केटमधला गुलाबी, काटे काढलेला मासा पाहून त्यांनी निकाल दिला, "हंयच्या माशांक चव नाय." त्यानंतर त्या भात आणि आमटीवर राहिल्या. रागावल्या नव्हत्या, कंटाळल्या होत्या, आणि ते जास्त वाईट.

मी पुण्याची, शाकाहारी घरातली. लग्नानंतर मासे खायला शिकले, मग करायलाही. इतक्या वर्षांत माझ्या हातची मासळी सासूबाईंनी एकदाही पुन्हा मागून घेतली नव्हती. पानातलं संपवायच्या, "बरां झालां हा" म्हणायच्या आणि उठायच्या. मला ती दुसरी मागणी हवी होती. नोकरीतली बढतीही मी इतकी मनावर घेतली नसेल.

मे महिन्यात रेस्टॉरंट बंद असल्यामुळे किनाऱ्यावरचे कालवंवाले, म्हणजे ऑयस्टरवाले, घरपोच खोकी देऊ लागले. आम्ही एक मागवलं. सोबतच्या गुळगुळीत पत्रकात कालवांमध्ये 'खनिजांची छटा' आणि 'सागरी धुक्याची आठवण' असल्याचं लिहिलं होतं. वर लिंबू पिळून ती कच्चीच गिळावीत, अशी शिफारस. सासूबाईंनी फोटो पाहिला आणि पत्रक बटाट्याच्या सालींखाली घातलं.

मला मात्र मलेशियातलं पेनांग आठवलं. कंपनीच्या प्रशिक्षणाला तिथे गेले होते तेव्हा रस्त्यावरच्या गाडीवर कालवांचं ऑम्लेट खाल्लं होतं: कडा कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत, वर तिखट चटणी. त्याला रताळ्याचं स्टार्च लागतं. ते लिमरिकच्या आशियाई दुकानात मिळतं आणि आम्हाला पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी. मी घरातलं शिंगाड्याचं पीठ वापरून पाहिलं. तव्यावर तपकिरी शिरा तयार झाला.

"ह्यां काय गो? पतंगाची खळ?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, ऑम्लेट आहे."

"कालवांक अंडां कित्याक? नुसती बरी नाय लागनत?"

नवऱ्याने पान पुढे ओढलं, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "ग्रँड आहे." या देशात 'ग्रँड' म्हणजे 'ठीक आहे'; हा शब्द अपघातानंतरही वापरतात.

दुसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. आयर्लंडमध्ये संकष्टी पाळता येईल याची खात्री नसल्याने सासूबाईंनी बॅगेतून भरपूर साबुदाणा आणला होता. साबुदाणा म्हणजे तरी दुसरं काय, टॅपिओकाचं स्टार्चच. मी डबा काढला आणि मिक्सर लावला. आवाज ऐकून त्या आल्या.

"साबुदाणो? उपासाचो ना तो? कालवांवर घालतलंस?"

"आई, उपास आपण करतो. साबुदाणा नाही करत."

त्या गेल्या नाहीत. स्टूल ओढून ओट्याशी बसल्या, परीक्षकासारख्या.

पीठ पाण्यात अगदी पातळ कालवलं. तापलेल्या तेलात ओतलं तसं ते चर्रकन जाळीदार पसरलं. कडा पारदर्शक झाल्यावर अंडं फोडून सोडलं, ते अर्धवट असताना कालवं टाकली, कोथिंबीर भुरभुरली आणि कालवं आकसायच्या आत उतरवलं. वर लाल मिरची, लसूण, चिंच आणि गुळाची चटणी. कडा मोडताना कुरकुर आवाज आला. नवऱ्याने मान वर केली. मी कोणाकडेही पाहिलं नाही.

सासूबाईंनी चमचा बाजूला ठेवला आणि हाताने तुकडा तोडला. मग दुसरा. चटणीत बुडवलेला तिसरा. शेवटी पानात फक्त तेलाचा डाग राहिला. त्यांनी बोटं चाटली आणि रिकामं पान माझ्याकडे सरकवलं.

"माका आणखी एक घाल. आणि कालवां जरा जास्ती टाक, मापान नको."

"आई, आता फक्त माझ्या वाटणीची उरलीत गं," नवरा म्हणाला.

"मगे?" त्या म्हणाल्या. "तू ग्रँड आसस ना?"

मी उठले. तवा पुन्हा गॅसवर ठेवला, आणि नवऱ्याच्या वाटणीची कालवं एकूण एक त्यात टाकली.