वाट चुकलेला रोलर

नव्या डांबरी रस्त्यावर उभं राहण्याआधी अप्पा उजव्या पायातली चप्पल काढायचे. टाच दोनदा दाबायची, मान हलवायची आणि निकाल द्यायचा, "हा मंत्र्याचा." टाचेला खडी टोचली तर, "हा विरोधातल्याचा." त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. गाडीत छान लागलेली डुलकी एकदम मोडली की आमदार बदलला, हे तुम्हीही ओळखलं असेलच.

कर्नाटकातल्या आळंदच्या रस्ते खात्यात मी कारकून होतो आणि ते रोलरचे ड्रायव्हर. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. बैलगाडीनं सहज मागं टाकावं असा तो पिवळा रोलर, पण अप्पा त्यावर विमानाच्या थाटात बसायचे.

बायको लवकर गेलेली, एकुलती एक लेक. ती दिली होती तालुक्याच्या पार टोकाला, मूठभर मतांच्या गावात. काळी माती, त्यामुळे पाऊस लागला की बस बंद. लेकींनी माहेरी यायची नागपंचमी नेमकी पावसात येते. दरवर्षी अप्पा लिंबाला झोका बांधायचे आणि दोन दिवसांनी सोडून ठेवायचे.

आमदारांकडून कामांची यादी आली की ते माझ्या टेबलाशी हजर.

"साहेब, लेकीचं गाव हाय का?"

"नाही, अप्पा."

"असू द्या. फुडच्या यादीत येईल."

यादी माझी नव्हती, तरी नाही म्हणताना मलाच लाज वाटायची.

एका उन्हाळ्यात आमदारांच्या गावचं काम संपवून निघालेला रोलर तीन दिवस परतलाच नाही. अप्पांनी तो लेकीच्या गावाकडं वळवला होता. गावकऱ्यांनी मुरूम टाकला, यांनी दाबून दिला. इंजिनियर साहेब भडकले. कन्नडातली नोटीस मीच टाईप केली.

"रोलर वाट चुकला, साहेब," अप्पा शांतपणे म्हणाले.

"तीन दिवस?"

"हळू चालतोय न्हवं त्यो."

पगारवाढ अडली. पण त्या पंचमीला लेक आली. अप्पांनी ऑफिसभर तंबिटाचे लाडू वाटले, इंजिनियर साहेबांनाही दिले. पुढच्या पावसाळ्यात मुरूम वाहून गेला.

अप्पा निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेलेही. मला त्यांची फार सवय झाली होती.

मग निवडणूक झाली आणि आमचे नवे आमदार मंत्री झाले. त्यांच्या पत्नीचं माहेर अप्पांच्या लेकीच्या गावाला लागूनच पुढं. पहिल्याच यादीत तिथवरचा रस्ता आला. गावाचं नाव वाचून मी सवयीनं मान वर केली. टेबलाशी कोणी नव्हतं.

परवा त्या रस्त्यानं गेलो. गावाशी उतरलो, चप्पल काढली, टाच दाबली. चांगला जाड थर होता. स्टॉपवर अप्पांची लेक उभी होती. मला बघून ती हसली.

"मंत्र्याचा हाय न्हवं, काका?"

"हो गं."

तिनं रस्त्याकडं पाहिलं.

"आता दिवसातनं दोनदा बस येतीय. पंचमीला जाऊ कुणाकडं?"