शहाण्णव मण

नातवंडांनो, काल फोनवर तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "आजी, वीस टक्के वाढले, वीस टक्के घटले, म्हणजे होतं तेवढंच." आणि मला एकदम ओल्या शेणसारवणाचा वास आला.

गिरडजवळच्या एका खेड्यात माझे बाबा सातवीचे मास्तर होते आणि मी त्यांच्याच वर्गात होते. एकदा शाळेची तपासणी होती, म्हणून सकाळीच आम्ही मुलींनी वर्ग सारवला होता. इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, "शंभर मण कापूस शेकडा वीस वाढला, मग शेकडा वीस घटला. किती राहिला?"

मी उठून म्हणाले, "शहाण्णव." घटीचे वीस टक्के एकशेवीसवर काढायचे, हे बाबांनीच शिकवलं होतं.

साहेब हसले. "वीस चढले, वीस उतरले, शंभरच की. मास्तर, काय शिकवता हे?"

मी बाबांकडे पाहिलं.

"खाली बस," ते म्हणाले. "साहेब बरोबर सांगून राह्यले."

सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी घरी ते हळूच म्हणाले, "तुझंच उत्तर बरोबर होतं, पोरी."

"मग तिथं काऊन नाई बोलले?"

त्यांनी पायांवर तांब्याभर पाणी ओतलं.

साहेबांच्या एका शेऱ्यावर त्यांची बदली होऊ शकत होती, हे आज मला कळतं. पण त्या दिवसानंतर मी बाबांकडे एकही गणित नेलं नाही.