डिमोनातला पॅनकेकचा मंगळवार

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत माझं लग्न एका पॅनकेकवर येऊन अडकलं.

मुंबईत, माझगावला, आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहायची. त्यांचे चाळीस दिवसांचे उपास बुधवारी सुरू होत, म्हणून आदल्या मंगळवारी ती पॅनकेक करायची, आत ओलं खोबरं आणि गूळ. आम्ही इस्रायलमध्ये डिमोनाला आलो तरी दर वर्षी तिचं पत्र येई: यंदा मंगळवार अमक्या तारखेला, विसरू नको. आई विसरते कसली! नारळ नाही तर सुकं खोबरं, गूळ नाही तर साखर, पण तवा त्याच दिवशी चढायचा.

आणि नेमकी त्याच दिवशी, न कळवता, माझी होणारी सासू दारात उभी! मोरोक्कोची, उंच, कानात सोन्याच्या रिंगा, नजर अशी की दूध नासावं. तिचा मुलगा माझ्याबरोबर कापडाच्या कारखान्यात होता. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेले ज्यू, पुरेसे ज्यू आहोत की नाही, यावर तेव्हा देशभर वाद पेटला होता. बाईसाहेब मुलगी बघायला नव्हे, ज्यूपण तपासायला आल्या होत्या.

आईने ताट पुढे केलं. सासूने एक खाल्ला, दुसरा उचलला आणि हिब्रूत विचारलं, "आज कुठला सण?"

"काय म्हणते गो ती?" आईने मला विचारलं.

"सण कुठला, म्हणते."

"मग सांग की. उपासाच्या आधी खातात."

मी तेवढंच सांगितलं.

"कुठला उपास?"

"पुरिमच्या सणाआधीचा, एस्तेरचा," मी ठोकून दिलं.

"त्याला अजून आठ-नऊ दिवस आहेत!"

"आम्ही हिंदुस्थानी लोक पोटाची तयारी लवकर सुरू करतो."

किराणा दुकानात उभं राहून आई किती हिब्रू शिकली होती, ते मला त्या क्षणी कळलं. "मेले, अन्नासमोर खोटं बोलतेस?" असं म्हणून ती कालथा घेऊनच सासूकडे वळली आणि मोडक्या हिब्रूत सुरू झाली. "एस्तेर नाही! ख्रिस्ती! माझी शेजारीण!"

संपलं. मी मनातल्या मनात लग्नाचा झगा उतरवून ठेवला.

पण आई थांबेना. आम्हाला खाता यावं म्हणून ती शेजारीण आमच्याच चुलीवर, आमच्याच तव्यात करायची. एकेक अंडं वेगळ्या वाटीत फोडून, रक्ताचा ठिपका नाही ना, हे आधी आईला दाखवायची. आईचं हिब्रू जिथे संपलं तिथून मी पुढे सांगितलं, पण या खेपेला शब्दाला शब्द.

सासूने बोटं पुसली. "मोरोक्कोत पेसाखच्या सणात आठवडाभर आमच्या घरात पीठ चालत नसे," ती म्हणाली. "सण संपला की त्या रात्री मुसलमान शेजारीण पीठ आणि मध घेऊन यायची. मग आमच्याकडे पोळ्या व्हायच्या." आणि तिने चौथा पॅनकेक उचलला.

"मुलगी थापाडी आहे. आईला सांग."

मी सांगितलं.

"बापावर गेलीय," आई म्हणाली. तेही मला सांगावं लागलं.

सासू रिंगा हलेपर्यंत हसली. "पुरिम झाला की लगेच लग्न उरकून टाकू," ती म्हणाली. "नाहीतर ही पोरगी आणखी एखादा उपास शोधून काढेल."