मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे

मला मोबाईल कुणी शिकवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच, म्हाताऱ्या बाईंना जमत नव्हतं म्हणून कुरकुरताहेत. जमत होतं हो. डहाणूच्या घरी ओटीवर बसून एकेक बटण दाबत मी शिकले. भलत्यांना फोन लागले, एकदा व्याह्यांना घासाघीस करून घेतलेल्या बोंबलांचा फोटो गेला, पण शिकले. नंतर नंतर तर आमच्या केंद्रातल्या शाळांमधल्या तरण्या मास्तरांचं काही अडलं की ते मलाच विचारायचे. तेव्हा माझा राग यंत्रावर नाही. यंत्र बिचारं सांगाल ते करतं. राग कशावर आहे ते सांगते.

माझी शाळा आतल्या पाड्यावर. डहाणूहून एसटीने कासा, कासाहून जीप, आणि जीपमधून उतरलं की शेतांच्या बांधावरून चालत. दोन खोल्या, एक पडवी, शेजारी खिचडीची चूल. शिक्षक म्हणायला दोघं, पण दुसरे गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या कामावर तालुक्याला. म्हणजे सगळे वर्ग माझेच, आणि मदतीला खिचडी करणारी मावशी. मावशीची जीभ माझ्यापेक्षा तिखट, म्हणून आमचं जमायचं.

त्या पाड्यावर वर्षाचे दोन तुकडे. भात झोडून झालं, दिवाळी सरली की मुकादमाचा टेम्पो यायचा आणि घरंच्या घरं वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. पोरंही बरोबर. होळीला सगळे परत येणार, सण करणार, आणि पुन्हा भट्टीवर, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. त्यामुळे दिवाळीनंतरचं माझं खरं काम शिकवण्याचं नसायचंच. घरोघर जाऊन हात जोडायचे, पोर ठेवून जा, आजीपाशी ठेव, मावशीपाशी ठेव, मी आहे ना.

त्या वर्षी दुसरीत एक मुलगी होती. दिसेल ते वाचायला बघणारी. बिस्किटाच्या पुड्यावरचं, खताच्या गोणीवरचं, जीपच्या मागच्या काचेवरचं. अक्षर आलं नाही तर माझा पदर ओढायची, "बाई, ह्यो कोन?" जणू अक्षर म्हणजे पाड्यावर आलेला पाहुणा. मला वाटलं, ही राहिली पाहिजे. ही भट्टीवर गेली तर मी कशाला येते इथवर?

तिची आई अंगणात टोपल्या आवरत होती. काटक बाई, बोलायला सरळ.

"बाई, पोर बरोबर असली की धाकट्याला बघते, भाकऱ्या थापते. माझा हात मोकळा राहतो. इथं ठेवून काय करंल?"

"वाचायला शिकेल."

"शिकंल ना? का नुसती खिचडी खाऊन जाडी होईल?"

आतून पोरीची आजी म्हणाली, "झाली तर झाली जाडी, तुझ्यासारखी काटकी तरी नको." आई हसली, पण माझ्यावरची नजर काही काढली नाही तिने.

मी म्हटलं, "होळीला येशील तेव्हा तुझ्यासमोर वाचून घे. नाही वाचलं तर घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही."

"बोललात हां बाई तुमी."

"बोलले."

भट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी मी त्या आईकडून एक गोष्ट फोनमध्ये भरून घेतली. हा माझाच उद्योग, कुणी सांगितला नव्हता. पाड्यावरच्या आज्यांच्या गोष्टी मी अशाच भरून घ्यायचे आणि वर्गात लावायचे. ओळखीचा आवाज, त्यांच्या घरातली बोली, पोरं फोनभोवती माश्यांसारखी गोळा व्हायची. मग तीच गोष्ट मी फळ्यावर लिहायचे आणि ती वाचता वाचता पोरं मराठीत यायची. आईने आधी तोंडावर पदर घेतला, लाजली, मग खेकड्याने कोल्ह्याची शेपटी कशी पकडली ते असं रंगवून सांगितलं की मावशी पळी हातात घेऊन चूल सोडून आली. त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी माझ्याजवळ यायची. "बाई, आय लावा." मी लावायचे. ताट मांडीवर, कान फोनला.

तर यंत्राचा असाही उपयोग असतो. पण माहिती भरायला वरून येणाऱ्या कुठल्याही लिंकवर "आजीच्या गोष्टी" असा रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते आम्ही केलंच नाही, असा हिशोब.

आणि रकाने काही कमी नव्हते. सकाळी माझ्या हजेरीचा फोटो. मुलांच्या हजेरीचा. खिचडी शिजताना, खिचडी वाढताना, हात धुताना. झाड लावलं त्याचा, लावलेलं झाड जगलं त्याचा. त्यातून शाळेत रेंज नाही. रेंज होती वरच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली. तेही उभं राहून, फोन डोक्याच्या वर धरून. पोरं त्या झाडाला "बाईंचं झाड" म्हणायला लागली. मी वर्गात "चला, उघडा पान" म्हणते न म्हणते तोच ग्रुपवर कालची आठवण आलेली असायची, माहिती अप्राप्त, आपली शाळा लाल यादीत आहे. की मी निघाले टेकाडावर. गुडघे माझे, रेंज त्यांची.

मावशी म्हणायची, "बाई, तुमी त्या झाडाला फेऱ्या मारता तेवढ्या वडाला मारल्या असत्या, तर सात जन्म पक्के होते."

"नको गं बाई," मी म्हणायचे, "हा एकच पुरे झालाय."

एकदा सुट्टीत बाहेर आले तर पडवीच्या कोपऱ्यात पोरांचा शाळा-शाळा खेळ चाललेला. तीच मुलगी बाई झालेली. हातात कौलाचा तुकडा. तो डोक्याच्या वर धरून ती पडवीभर फिरत होती आणि समोरच्यांना दटावत होती, "गप बसा रे! जात नाय! अजून गोल फिरतंय!" फळा नाही, खडू नाही, पाढे नाहीत. मावशी पोट धरून हसली. मीही हसले. आता आठवलं की हसू येत नाही.

त्यात वाचनाचा उपक्रम आला. रोज प्रत्येक मुलाचा वाचतानाचा फोटो. मी म्हटलं, हा तरी कामाचा. पहिल्या दिवशी मनापासून फोटो काढले. पोरं गुडघ्यात डोकं घालून बसलेली, बोट ओळीवर, एकीचं बोट तर अक्षरावर इतकं दाबलेलं की नख पांढरं पडलेलं. ती हीच. पाठवले. संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन. साहेब तसे सज्जन, वयाने माझ्या मुलाएवढे.

"बाई, फोटो परत पाठवावे लागतील."

"का हो? सगळी वाचताहेत की."

"वाचताहेत, पण चेहरे दिसत नाहीत. पुस्तक कुठलं तेही दिसत नाही. पुस्तक छातीशी धरायला सांगा, मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे. चेहरा हसरा."

"साहेब, पुस्तक उलटं धरल्यावर पोर वाचणार काय? माझं तोंड?"

ते हसले. "बाई, वरून आलंय. मलाही पुढे पाठवायचे असतात."

झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आधी तो विधी. प्रार्थना संपली की रांग, पुस्तक छातीशी, मुखपृष्ठ पुढे, हसा. एकेकाचा फोटो, मग मी टेकाडावर. खाली येईतो उन्हं चढलेली, पोरं पांगलेली. मग राहिलेल्या वेळात खरं वाचन, जमेल तसं, कधी पडवीत, कधी चुलीपाशी मावशीच्या धुरात. ती मुलगी वाचत होती बरं का. खेकडा-कोल्ह्याची गोष्ट तर घडाघडा, आणि तिच्या पुस्तकातले दोन-तीन धडे बोट लावून. हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण माझ्या मांडीला मांडी लावून वाचायची, हळू आवाजात. चारचौघांत, मोठ्याने, उभं राहून वाचायची सवय लावायला जो वेळ लागतो तो माझ्या झाडाखाली गेला. चारचौघांत उभं राहून तिने रोज एकच गोष्ट केली होती. ती तिला पक्की येत होती.

होळीला माणसं परतली. पाडा भरला. तिची आई आली ती उन्हाने आणखी काळवंडलेली, हाताला भेगा, पण बांगड्या नव्या. दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन शाळेत आली. सोबत शेजारच्या चार बाया, आजी, आणि कडेवर धाकटा. पडवीत सगळ्या बसल्या. मी पुस्तक पोरीच्या हातात दिलं. मला खात्री होती हो. मी मावशीला डोळ्यानेच खूण केली, आता बघ.

आई म्हणाली, "हां, वाच."

पोर उभी राहिली. पाय जुळवले. पुस्तक छातीशी धरलं, मुखपृष्ठ आमच्याकडे केलं, आणि मान किंचित वाकडी करून छान हसली.

आईला वाटलं, आता सुरू करील. ती वाट बघत राहिली. पोरही वाट बघत होती, माझी. फोन कधी काढते त्याची.

"वाच ना गं," आई म्हणाली.

पोरीने हसू आणखी मोठं केलं.

मागून एक बाई म्हणाली, "असं वाचतात होय? मंग मलाबी येतं की." सगळ्या हसल्या. पोरीला काय झालं ते कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली.

मी पुढे झाले. "अगं, आत बघून. पान उघड. हा धडा, काल वाचलास तो." तिने पान उघडलं. पण आता सगळ्यांचे डोळे तिच्यावर, मघाचं हसू कानात. पहिला शब्द निघाला, दुसरा अडकला, तिसऱ्यावर बोट ठेवून ती उभीच राहिली. आवाज गेला, मग बोटही हललं नाही.

"बिचकली ती," मी म्हटलं. "माझ्याजवळ वाचते. मावशीला विचार."

"वाचते बाय, कानाने ऐकलंय मी," मावशी म्हणाली.

"मंग तुमच्याकडं वाचते ती माझ्याकडं का नाय वाचत?" आईचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. "बाई, तिथं विटा थापताना मी मुकादमाच्या बायकोला सांगायची, माझी पोर शाळेत वाचते म्हणून."

फोटोंचं सांगू? साहेबांचं, लाल यादीचं, मुखपृष्ठाचं? बोलायला गेलेच होते. पण माझंच बोलणं माझ्या कानाला असं लागलं, की चोरी झाली तेव्हा मी देवळात होते, तशातलं. आणि एक शब्द बोलणार नाही असं मीच म्हटलं होतं.

आजीने मध्ये तोंड घातलं, "राहू दे पोरीला, माझ्या सोबतीला." आई म्हणाली, "तुझ्या सोबतीला नव्हती ठेवली."

चार दिवसांनी टेम्पो आला. मी गेले होते. पोर टोपल्यांच्या मध्ये बसलेली, मांडीवर धाकटा. माझ्याकडे बघून हसली, तसंच, मान वाकडी करून. आई खाली उतरून माझ्याजवळ आली.

"बाई, तुमच्या फोनमदी माझा आवाज हाय ना, तो काढून टाका."

"अगं, असू दे की. बाकीची पोरं ऐकतील."

"तिच्यासाठी ठेवला होता. ती तिकडं, मी तिकडं. इथं कशाला?"

तिच्या डोळ्यांसमोर काढला. फोन विचारतो ना, नक्की काढायचं का? त्याला होय म्हटलं.

त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर डहाणूला सगळ्या केंद्रांची सभा. पंखे, पाण्याच्या बाटल्या, पडद्यावर चित्रं. वाचन उपक्रमात आपला भाग कसा पुढे आहे ते एक मोठे साहेब दाखवत होते. आणि पडद्यावर भिंतभर ती आली. पुस्तक छातीशी, मुखपृष्ठ समोर, चेहरा हसरा.

"बघा," साहेब म्हणाले, "वाचनाचा आनंद कसा चेहऱ्यावर दिसतोय. कुणाची शाळा ही? उभे राहा, टाळ्या होऊ द्या."

मी उभी राहिले. टाळ्या थांबू दिल्या आणि म्हटलं, "साहेब, ही मुलगी भट्टीवर गेली. शाळेत नाही."

ते क्षणभर कागद चाळत राहिले. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, स्थलांतराचं सत्र जेवणानंतर आहे."

जेवणात पुरी-भाजी आणि चिकूचा हलवा होता. शेजारची एक शिक्षिका कानाशी म्हणाली, "कशाला बोललात? निवृत्तीला आलात, आता गोडीने राहा की." मी हलवा तिच्या ताटात वाढला.

जेवणानंतर सत्र झालं. स्थलांतरित मुलांसाठी नवी लिंक आली होती. तिथे बसल्या बसल्या भरून घेतली सगळ्यांकडून, सभागृहात रेंज चांगली होती. मुलाचं नाव, इयत्ता, कुठे गेलं, कारण. कारणासाठी यादीतलं एक निवडायचं होतं. मी यादी खालपर्यंत नेली, वर आणली. माझ्या कारणाला रकाना नव्हता. "पालकांसोबत" दाबलं. शेवटी मुलाचा अलीकडचा फोटो हवा होता, त्याशिवाय पुढे जात नव्हतं.

माझ्याकडे तिचा एकच तऱ्हेचा फोटो होता. तोच टाकला. पहिल्या झटक्यात गेला.