धुऱ्यावरचा खंदक

खडू कानावर खोचायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पोट्टेहो, शब्दाले बी माय-बाप असते." हे आमच्या अकोटच्या शाळेतले इंग्रजीचे सर. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. शब्दाचं कूळ काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

माझा गणिताचा वर्ग शेजारीच. एकदा त्यांच्या धड्यात 'मोट' आला आणि माझी पोरंही तिकडेच कान लावून बसली.

"विहिरीवरची मोट नाही रे बाबू! किल्ल्याभोवतीचा खंदक. जुन्या फ्रेंचात याचा अर्थ मातीचा ढिगारा. त्याच्यावर गढी बांधत. माती काढली तिथं खड्डा पडे. होता होता ढिगाऱ्याचं नाव खड्ड्याले लागलं. अन् आपला खंदक फारशीतून अरबीत गेला, मग आपल्याकडे आला. मूळ अर्थ खंदलेलं. आपल्या खणण्याचा लांबचा भाऊबंद!"

स्वतःच्या भावाचं मात्र त्यांच्यापुढे नाव काढायची सोय नव्हती. ज्या दादानं वावरात राबून यांना कॉलेजात घातलं, त्यानंच वाटणीनंतर आपला धुरा कोरला, बांध नांगरून हद्द आत सरकवली, असं सरांच्या मनानं घेतलं. उन्हाळ्यात जेसीबी बोलावून त्यांनी दोन्ही वावरांमध्ये पुरुषभर खोल खंदक मारला.

"रानडुकरांसाठी," म्हणाले.

"सर, डुकरं डोंगराकडून येतात. दादांच्या वावरातून नाही."

"तुमी गणित शिकवा."

दादांनी खंदकावर बाभळीचं एक खोड आडवं टाकलं. सरांनी ते काढलं नाही आणि त्यावर पायही ठेवला नाही. दोन पावसाळ्यांत ते कुजून खाली पडलं.

गेल्या वर्षी दादांना अकोल्याला भरती केलं. वहिनींचा सरांना फोन आला, "भाऊजी, ते तुमचंच नाव घेऊन रायले."

आम्ही दोघं एसटीनं गेलो. सरांनी दादांच्या आवडीची संत्री घेतली. दवाखान्याच्या फाटकाशी मात्र त्यांचे पाय अडले.

"काय बोलू त्याले?"

"काही बोलू नका. नुसते बसा."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी एकटाच वर गेलो. दादा माझ्या मागे दाराकडे बघत होते.

"लहान्या नाई आला?"

"खाली आहेत," मी म्हणालो. उतरून पाहतो तर सर स्टँडवर निघून गेलेले. मला त्यांचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेले आणि तो राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

घरच्या रीतीप्रमाणे दादांना त्यांच्याच वावरात अग्नी द्यायचा होता. आम्ही सडकेनं आलो. सर त्यांच्या वावरातून आले आणि खंदकाच्या काठाशी थांबले.

"काका, या ना!" पुतण्यानं हाक मारली.

सर चपला सोडून आत उतरले. पावसानं काळी माती चिकट झालेली. वर चढायला जात आणि मातीसकट खाली येत. पुतण्यानं वाकून हात दिला, पण त्यांना तो धरवेना. ते तिथेच चिखलात बसले आणि गळा काढून ओरडले, "दादा, मले वर घे रे!"

चौघांनी मिळून आम्ही त्यांना वर काढलं, तेव्हा चिता पेटली होती.