निळा ड्रम आणि चार चौथरे

मला राग लवकर येतो आणि तो थेट तोंडावाटे बाहेर पडतो, हे घरच्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. नाशिकच्या विमानतळाच्या टर्मिनलचं वाढीव बांधकाम सुरू झालं तेव्हा साइटवरच्यांनाही ते आठवड्याभरात कळलं. काँक्रीटचा दर्जा तपासणारी इंजिनिअर मी. पातळ काँक्रीट घेऊन आलेली गाडी मी पहिल्याच दिवशी परत धाडली होती, ड्रायव्हरची सगळ्यांदेखत हजेरी घेऊन. माझा दरारा आहे याचं मला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मोठ्या कामाचं काँक्रीट प्लँटवरून गाड्यांनी यायचं. पोर्चचे चार चौथरे मात्र लहान, म्हणून ते साइटवरच मिक्सर लावून ओतायचं ठरलं. चौथऱ्यात बोल्ट, बोल्टांवर लोखंडी खांब आणि खांबांवर पोर्चचं अख्खं छत. काम पेठ तालुक्यातल्या एका टोळीकडे होतं. मुकादम पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. टोळीतली सगळी माणसं त्याच्याच पाड्यावरची, भाचे, मेहुणे, सुना अशी.

नेमके त्याच आठवड्यात साइटवरचे पाण्याचे ड्रम तडकले. नवे मागवायचे म्हणजे अर्ज करा, सही घ्या, वाट बघा. मी म्हटलं, एवढ्यासाठी काय अडायचं? मखमलाबादकडे आमचा भाजीपाल्याचा मळा आहे, ड्रम पडलेले असतात. सकाळी निघताना शेडमागचा एक निळा ड्रम वडिलांच्या पिकअपमध्ये टाकायला लावला. वरून आत डोकावले, रिकामा वाटला, घेऊन आले. त्यातलंच पाणी मिक्सरला घालून दुपारपर्यंत चारही चौथरे ओतून झाले आणि मी माझीच पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच साच्याच्या फळ्या काढल्या आणि पहिल्याच चौथऱ्यात माझा अंगठा रुतला. ओल्या शाडूसारखं लागत होतं. चारही तसेच. रात्रभरात काँक्रीट टणक व्हायला हवं होतं, हे तर धरलंच नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. असं झालं की साइटवर एकच अर्थ लावतात, सिमेंट कमी घातलं आणि गोण्या परस्पर बाहेर गेल्या. रोज काम सुरू होण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून सुरक्षेच्या सूचना देतात. तिथे, भरल्या मैदानात, मी मुकादमाला विचारलं, "किती गोण्या खाल्ल्यात?"

"मोजून घातल्यात, मॅडम. एक पण कमी नाय."

"मग काँक्रीट काय माझ्यावर रुसलंय?"

लोक हसले. प्रोजेक्ट मॅनेजर बाजूलाच उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, संध्याकाळच्या आत टोळीने सामान उचलायचं. मान खाली घालून मुकादम आपल्या माणसांकडे गेला.

तासाभराने मी मिक्सरपाशी गेले. अहवालाला पुरावा हवा म्हणून सिमेंट, खडी, पाणी, सगळ्याचे नमुने घ्यायचे होते. ड्रमच्या काठावर मुंगळ्यांची रांग लागलेली. एक वर चढतोय, एक आत उतरतोय. सिमेंटच्या धुळीत यांना काय मिळतंय? मी ड्रम कलता केला. तळाशी काळपट, चिकट थर होता. बोट लावून जिभेवर ठेवलं. गूळ.

वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "तायडे, तो नेलास होय? अगं, टोमॅटोच्या मुळांना सोडायचं जिवाणूंचं औषध गुळाच्या पाण्यात वाढवतो ना, त्याचा तो. तळाला बराच गूळ बसलेला, खरवडायचा राहिला होता. का गं, काय झालं?"

काही नाही म्हणून मी फोन ठेवला. सिमेंटला गोड चालत नाही, थोड्या साखरेनेही ते धरायचं थांबतं, हे मी कॉलेजात शिकलेलं, परीक्षेत लिहिलेलं. आणि मळ्यातला ड्रम कशाकशाला वापरतात हे तर मला शिकवायलाही नको होतं. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच वाळूच्या ढिगावर बसले.

मग उठून थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"अजून कोणाला बोललीस?"

"नाही सर."

"मग बोलू नकोस. दोन-तीन दिवसांत धरेल ते. टोळी जातेच आहे. तुला कायम करायचा कागद वर गेलाय, आत्ता हा डाग कशाला लावून घेतेस?"

माणूस वाईट नव्हता, माझ्या भल्याचंच बोलत होता. आणि क्षणभर मला ते पटलंसुद्धा. दुसरी टोळी आली असती, काम पुढे गेलं असतं, कोणी विचारलंही नसतं. पण पेठच्या त्या माणसाला मग नाशकात कुठल्या साइटवर उभं केलं असतं? इथे बातमी जेवणाच्या सुट्टीआधी गावभर होते.

"चौथरे फोडायचे, सर," मी म्हटलं. "धरतीलही, पण पुरे धरलेत याची खात्री कोण देणार? त्या छताखाली लोक बॅगा घेऊन उभे राहणार आहेत. टोळी जाणार नाही. आणि अहवालात ड्रम माझा, चूक माझी, असं मी लिहिणार."

"लिहिलंस तर मला तुला वाचवता येणार नाही."

"नका वाचवू."

लिहिलं, खाली सही केली, टोळी ठेवायला साहेबांचा होकार घेतला आणि टोळीच्या शेडकडे गेले. बोचकी बांधून झाली होती. मुकादमाला सगळं सांगितलं, हात जोडून माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं.

"सकाळधरनं सून माझ्याकडं बघत नाय," तो म्हणाला. "भाचा इचारतो, मामा, खरंच खाल्ल्या का? घरची माणसं हाय ही, मॅडम. मी आणलीत. हितं कानात माफी मागून माझं काय व्हनार? जिथं बोललात तिथं बोला."

"उद्या सकाळी बोलते."

"बरं. मग आधी ते फोडू. घट्ट झालं तर लय जड जाईल."

त्याने बोचकी सोडायला लावली. दुपारभर आम्ही चारही चौथरे पहारीने फोडले. मीही पहार घेतली, कोणी नको म्हणालं नाही. मग बोल्ट आणि सळया तारेच्या ब्रशने घासून, टँकरच्या पाण्याने धुऊन लख्ख केल्या. हाताला फोड आले. चौथऱ्यांचं भागलं होतं, पण सकाळ अजून बाकी होती.

सकाळी सगळे रांगेत उभे राहिल्यावर मी पुढे झाले. "काल मी मुकादमांना चोर ठरवलं. ते खोटं होतं. सिमेंट पुरं होतं. गुळाचा ड्रम मी आणला, न धुता आणला. चूक माझी आहे." हे मी खाली बघत, पहिल्या रांगेपुरतंच बोलले. कसंबसं संपवलं आणि जागेवर जायला वळले.

शेवटच्या रांगेत मुकादम उभा होता, दोन्ही बाजूंना त्याचे भाचे, मेहुणे, सुना.

"मॅडम," तो तिथून म्हणाला, "मागं ऐकू आलं नाय."

कोणी हसलं नाही. मी परत पुढे झाले, त्या शेवटच्या रांगेकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून एकेक शब्द मोठ्याने पुन्हा सांगितला.